नानांचा रेडिओग्राम आणि सेलूकर

अनंत सेलूकर या माणसाचा मला हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो. सत्तरी उलटली, तोंडात कवळी आली, तरी कुणी आमच्या दिवाणखान्यातल्या रेडिओग्रामवरून हात फिरवून ‘वा, काय जपलाय हो!’ म्हणालं की मी घाईनं विषय बदलतो. जपलाय मी. इतकी वर्षं त्याच्यावर कोरडं फडकं मी मारतोय. पण कौतुक कानावर पडलं की डोळ्यांपुढे येतो तो सेलूकर, फरशीवर मांडी घालून, डावा हात पँटच्या खिशात घालून बसलेला. आता बोला!

रेडिओग्राम म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण परवा माझ्या नातीनं त्याला थापटी मारून विचारलं, ‘आजोबा, ये पुराना फ्रिज है क्या?’ तर फ्रिज नव्हे. कमरेएवढं उंच लाकडी धूड. वरचं झाकण उचललं की तबकड्या वाजवायची चकती, समोर स्टेशनांची नावं लिहिलेली काच, खाली कापडामागे कर्णा आणि पोटात काचेचे व्हॉल्व्ह. सुरू केला की पहिला मिनिटभर नुसता गरम होत बसतो. मग काचेच्या कोपऱ्यात एक हिरवा डोळा उघडतो आणि तेव्हा कुठे आवाज येतो. आईला गाण्याची फार हौस, म्हणून नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो घेतला होता. आई गेली आणि नानांनी त्याच्यावर चादर टाकली. त्या चादरीवर माझी बायको सुशीला लोणच्याच्या बरण्या ठेवायची. मला तो रेडिओग्राम आहे हे आठवायचंसुद्धा नाही.

नाना जामबागेतले जुने वकील. सगळी वकिली उर्दूतून केलेली, आवाज असा की कोर्टात पंख्याची घरघर ऐकू येऊ नये. पण काचबिंदूनं डोळे गेले. माणसाची आकृती दिसायची, चेहरा नाही. अक्षर तर नाहीच. वाचल्याशिवाय ज्याचा दिवस उजाडत नसे, तो माणूस खुर्चीत नुसता बसून राहायचा. रोज सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. अर्धा तास. त्या अर्ध्या तासाखेरीज आम्हा बाप-लेकांत बोलणं असं नव्हतंच. आणि त्यातही काय? ‘वामन, वाचतोयस का गवत कापतोयस?’ नाही तर, ‘पूर्णविराम नावाची चीज ऐकली आहे का मियाँ?’ मी तीस वर्षांचा बाप्या, महसूल खात्यात कारकून, एका मुलीचा बाप. पण ती खुर्ची समोर आली की माझी जीभ अडखळायची. तरीसुद्धा तो अर्धा तास माझा होता. तेवढाच काय तो माझा होता.

तेव्हा हैदराबाद राज्य मोडायला निघालं होतं. तेलुगू जिल्हे आंध्राकडे, कानडी म्हैसूरकडे, मराठी मुंबई राज्याकडे. ऑफिसात दुसरा विषय नाही. कोण राहणार, कोण जाणार, कुणाचं नाव कुठल्या यादीत? चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना नमस्काराऐवजी ‘काय, कुठं?’ विचारायचे. आमचं कुटुंब पिढ्यान् पिढ्या इथलं, त्यामुळे मी इथंच राहणार हे ठरल्यासारखं होतं. सेलूकर विजेच्या खात्यात मीटर तपासायचे. गाव परभणीकडचं, एकटा माणूस, मलकपेठेत एक खोली घेऊन राहायचे. त्यांचं काहीच ठरलं नव्हतं.

ते आमच्याकडे आले ते मीटर बघायला. स्टुलावर चढले, आकडा टिपला, उतरले आणि उतरता उतरता थबकले.

‘या चादरीखाली काय आहे?’

‘टेबल आहे,’ मी म्हणालो.

‘नाही हो!’ असं म्हणून त्या गृहस्थानं परवानगी मागितली, बरण्या एकेक करून खाली ठेवल्या, चादर काढली, धूड भिंतीपासून हलकेच पुढं ओढलं, मागचा पुठ्ठा उघडला आणि सरळ आत नाक घातलं. हुंगलं. डोळे मिटून, सावकाश. मला वाटलं, झालं, डोकं फिरलेलं दिसतंय.

‘उंदीर राहून गेलेत,’ ते म्हणाले, ‘पण जळल्याचा वास नाही. हे वाचतील.’

‘हे’ कोण, मला कळेना. आत सुशीला फस्सकन हसली. पुढं सगळ्यांनाच सवय झाली. सेलूकर रेडिओग्रामला कायम ‘हे’ म्हणायचे, बायको नवऱ्याला म्हणते तसं. हे बरेच दिवस निजलेत. यांना एकदम उठवायचं नाही. यांच्या पायाला पाणी लागलंय.

आतून नानांनी हाक मारली, ‘कोण आलंय रे?’ मी सांगितलं, मीटरवाले आहेत. पण सेलूकर स्वतःच आत गेले, नानांच्या पायांना हात लावला आणि म्हणाले, ‘तुमचा सेट चालू होईल असं वाटतं.’

नाना खुर्चीतून पुढं झुकले. मग म्हणाले, ‘खरंच चालेल?’ हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कोर्टातला नव्हता, घरातला नव्हता. दिवाळीत फटाके मिळणार का म्हणून विचारणाऱ्या मुलाचा होता. त्या परक्या माणसासाठी तो आवाज निघाला, हे मला तेव्हाच टोचलं.

‘चालेल. पण घाई नको. आणि मी सांगेपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही.’

दुसऱ्या दिवसापासून ऑफिस सुटलं की सेलूकर आमच्याकडे. आधी सायकल भिंतीला लावायची, मग मोरीवर जाऊन दोनदा हात धुवायचे, मग नानांना ‘आलो’ म्हणून सांगायचं, मग चहा. चहा समोर ठेवून विसरायचा आणि साय धरली की एका घोटात संपवायचा. सुशीला म्हणायची, ‘अहो, गरम करून देते.’ ते म्हणायचे, ‘नक्को वैनी, गार झाला की बरा लागतो.’ आता यात कौतुक करण्यासारखं काय आहे सांगा. पण नानांनी दोनदा मला ऐकवलं, ‘बघ, माणसाला खाण्यापिण्याचं कौतुक नाही.’ मी गार चहाची तक्रार केली की मात्र ‘मिजास’.

काम करताना एकेक स्क्रू काढायचा तो सुशीलेच्या वाट्यांत. सात वाट्या ओळीनं मांडलेल्या, कुठला स्क्रू कुठून निघाला हे चुकायला नको म्हणून. आमच्या घरात महिनाभर आमटी कपातून प्यायली. मी तसं केलं असतं तर सुशीलेनं वाट्या माझ्या डोक्यात घातल्या असत्या. सेलूकरांना ती विचारायची, ‘अजून एक हवी का?’

डावा हात खिशात ही त्यांची खरी खूण. विजेची जोडणी चालू असली की काम फक्त उजव्या हातानं. एकदा मी विचारलं, ही काय ऐट? तर म्हणाले, ‘ऐट नाही हो वामनराव. दोन्ही हात लागले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातानं जातो. एक हात खिशात असला की माणूस वाचतो.’ इतकं साधं सांगितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. आणि तरी त्यांच्या अंगावर ते शोभायचं, मेलं! मी ऑफिसात आठ दिवस डावा हात खिशात घालून फायली चाळल्या. शेवटी आमच्या हेडक्लार्कनं विचारलं, ‘हाथ कू क्या हुआ मियाँ, मार लग्या क्या?’

पेटीचं लाकूडकाम तर बघत राहावं असं. वर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा होता, तो पायाशी फरशीच्या पाण्यानं फुगून सुटला होता. सेलूकरांनी त्याच्या खालची घाण दात घासायच्या ब्रशनं काढली, सरस गरम करून आत भरला आणि वर दाब द्यायला काहीतरी जड मागितलं. पाटा-वरवंट्यानं ओरखडे पडतील, ते म्हणाले. तर नानांनी काय द्यावं? आपले कायद्याचे ग्रंथ. चामडी बांधणीचे, ज्यांना मी लहानपणी बोट लावलं म्हणून थप्पड खाल्ली होती, ते. ‘अनंता, ते घे. आता त्यांचा दुसरा उपयोग काय!’ बघा, ‘अनंता’. तिसऱ्या आठवड्यात ‘अनंता’. मला नाना लाडानं कधी वामन्यासुद्धा म्हणाले नाहीत.

मग मी एक शहाणपणा केला. एका रविवारी सेलूकर यायच्या आत मी पेटीला खोबरेल तेल चोळलं. चांगलं वाटीभर. इतकी चकाकली म्हणता! मी नानांना हाताला धरून आणलं, त्यांचा तळवा वरून फिरवला. ते म्हणाले, ‘चिकट लागतंय.’ सेलूकर आले, बघितलं. जुन्या लाखेच्या पॉलिशवर तेल म्हणजे सत्यानाश. धूळ धरते, डाग बसतात, वर नवा हात चढत नाही. हे मला नंतर कळलं. त्यांनी दोन संध्याकाळी ते तेल पुसून काढण्यात घालवल्या. रागावले असते तर मला केवढं बरं वाटलं असतं! तर म्हणतात कसे, ‘कुणीतरी प्रेमानं लावलंय. काही बिघडलं नाही.’ नानांच्या जुन्या धोतराचा बोळा करून ते स्पिरिटमधली लाख चढवायचे, गोल गोल, पिसासारखा हात. थर वाळला की पुन्हा थर. मी दारात उभा राहून बघायचो आणि मनात म्हणायचो, एकदा तरी चूक रे बाबा. एकदा तरी चूक.

गावभर हीच तऱ्हा. कोठी भागातल्या एका इराणी हॉटेलात मी वर्षानुवर्षं जात होतो, मालकानं कधी मान वर करून बघितलं नव्हतं. एक दिवस सेलूकरांबरोबर गेलो. मालक गल्ल्यावरून उठला. ‘आओ मियाँ, आओ! तुम्हारा बनाया रेडिओ बुलबुल सरीका बोलता।’ आणि माझ्याकडे बघून, ‘ये कौन? सेलूकर साब के दोस्त?’ झालं! त्या दिवसापासून तिथं मी सेलूकर साबचा दोस्त. माझं नाव त्यानं अखेरपर्यंत विचारलं नाही.

रेडिओग्रामची सगळी जोडणी झाली तरी सेलूकरांनी तो सरळ लावला नाही. ही त्यांची पद्धत नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटला एकदम पुरती वीज दिली तर आतले कंडेन्सर फुटतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून वाटेत एक बल्ब लावायचा. वीज आधी बल्बातून जाणार, मग सेटमध्ये. बल्ब आपला वाटा खाणार आणि सेटला थोडीच मिळणार. पहिले काही दिवस पंचवीसचा बल्ब, रोज थोडा वेळ. मग चाळीसचा. मग साठाचा, मग शंभराचा. आणि शेवटी बल्ब काढून सरळ. ‘निजलेल्या माणसाला आधी नुसती हाक मारायची,’ ते म्हणायचे, ‘मग हलवायचं.’ नाना रोज विचारायचे, आज कितीचा? जणू तापाच्या माणसाचं थर्मामीटर. साठाच्या बल्बावर हिरवा डोळा मिणमिणायला लागला तेव्हा नानांना तो दिसला. चेहरे दिसत नसलेल्या माणसाला तो दिसला! ‘हिरवं आहे ना काहीतरी? वामन, हिरवं आहे ना?’ मी हो म्हणालो. त्यांनी सेलूकरांचा खांदा धरून ठेवला होता.

त्याच आठवड्यात सेलूकरांचा हुकूम आला. मराठवाड्यात रुजू व्हायचं, आठ दिवसांत. नानांना त्यांनी स्वतः सांगितलं. नाना म्हणाले, ‘म्हणजे हैदराबादेतून जे जे चांगलं ते सगळं उचलून नेणार.’ मी तिथंच बसलेलो. मी इथंच राहणार होतो. म्हणजे मी काय, उरलेला?

‘सोमवारी थोडा वेळ शंभराचा, मग सरळ लावू,’ सेलूकर म्हणाले. ‘तुम्हाला ऐकवल्याशिवाय जाणार नाही.’

शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसाचं. घरी आलो, सुशीला मुलीला घेऊन माहेरी गेलेली, नाना दुपारचे झोपलेले. दिवाणखान्यात मी आणि तो रेडिओग्राम. नवं पॉलिश असं की त्यात माझं तोंड दिसत होतं. आणि माझ्या मनात आलं, साठाच्या बल्बावर हिरवा डोळा उघडतो, म्हणजे झालाच की दुरुस्त. सोमवारी लावला तर अनंतानं लावला. आज लावला तर वामननं. नाना झोपेतून उठतील ते गाण्यानं उठतील आणि विचारतील, कुणी लावला रे? एवढंच. एवढ्या एका वाक्यासाठी मी तो बल्ब मधून काढला आणि सरळ प्लग खोचला. डावा हात खिशात घालायला विसरलो नाही, याचं आता हसू येतं.

डोळा उघडला. चांगला टपोरा हिरवा. मग घूं असा आवाज आणि मग गाणं! कुठलं स्टेशन होतं देव जाणे, बाईचा आवाज होता, अगदी खोलीत बसून गाते तसा. मी लावला! मी धावत नानांच्या दाराशी गेलो. ते कुशीवर झोपलेले होते. हाक नाही मारली. म्हटलं, आपोआप उठू देत. उभा राहिलो. आणि मागून वास आला. डांबर तापल्यासारखा. आवाज घरघरला, घोगरा झाला, बंद पडला. मी वळलो तर मागच्या पुठ्ठ्यातून धूर. प्लग उपटला तो दोन्ही हातांनी.

‘वास कसला रे?’ नाना उठून बसले होते.

‘शेजारी काहीतरी लागलंय, नाना.’ इतक्या सहज खोटं बोललो की माझंच मला नवल वाटलं. बल्ब होता तसा मध्ये लावून ठेवला, खिडक्या उघडल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

सोमवारी सेलूकर आले. हात दोनदा धुतले. चहा आला. नाना खुर्चीत सज्ज, स्वच्छ धोतर नेसून बसलेले. सेलूकरांनी मागचा पुठ्ठा उघडला आणि सवयीनं नाक आत घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग वळून माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. मी कॅलेंडरकडे बघत होतो.

‘काय झालं अनंता?’

‘नाना,’ ते म्हणाले, ‘माझी चूक झाली. आतला एक कंडेन्सर बदलायला हवा होता, मी जुनाच ठेवला. ट्रान्सफॉर्मर जळला.’

नानांचा चेहरा कसा झाला हे त्यांना आरशात दिसत नव्हतं म्हणून बरं. ‘म्हणजे चालणार नाही?’

‘आत्ता नाही. मी तो काढून घेऊन जातो, तार नव्यानं गुंडाळून पाठवतो.’

‘तू जाणार. कोण येतं आता,’ नाना म्हणाले. मग वकिलाच्या आवाजात, ‘इतके दिवस आस लावायची नव्हती सेलूकर.’ अनंता नाही, सेलूकर.

मी बोललो नाही. खोटं कशाला सांगू, आधी मला बरंच वाटलं. हा माणूस एकदा तरी चुकावा म्हणून देव पाण्यात घातले होते ना? चुकला. सगळ्यांसमक्ष चुकला. बुधवारी ते निरोप घ्यायला आले, वाकले, तर नानांनी पाय धोतरात ओढून घेतले. ‘नीट जा’ एवढंच म्हणाले. सुशीलेनं चहा आणला. सेलूकरांनी त्या दिवशी तो गरम गरम घेतला आणि सायकलवर टांग टाकून गेले. त्यांचं मागचं चाक गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी दारात होतो. मला आत जाववेना.

गुरुवारी सकाळी नेहमीसारखा पेपर घेऊन बसलो. सेलूकरांची गाडी त्याच सकाळी होती, काचीगुड्याहून, मनमाडकडे जाणारी. मी वाचत होतो. कुठल्या तरी मंत्र्याचं भाषण. एक कॉलम झाला, दुसरा झाला, नाना काही बोलेनात. मान उजवीकडे कलती करून ऐकत होते. मग म्हणाले, ‘चांगलं वाचतोस रे वामन तू.’ मी थांबलो. ‘घरचं माणूस ते घरचं माणूस. उगाच त्या पोराच्या नादी लागलो.’

तीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते हे. आणि ते कानावर पडल्याबरोबर मी पेपराची घडी घातली. ते माझं नव्हतंच. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून माझ्या ताटात वाढलं होतं, आणि ज्याच्या ताटातलं होतं त्यानंच ते मुकाट्यानं सरकवलं होतं.

‘नाना,’ मी म्हणालो, ‘सेट मी जाळला.’

‘काय?’

‘शनिवारी. तुम्ही झोपला होता. बल्ब काढून मी सरळ लावला. तो वास त्याचाच होता. सेलूकरांनी काही केलं नाही.’

पेपराची घडी माझ्या हातात चुरगळत होती. मला वाटलं, आता गडगडाट होणार. झाला नाही. नाना हळू म्हणाले, ‘का लावलास?’

‘तुम्ही मला अनंता म्हणावं म्हणून!’ हे असंच तोंडातून निघालं. तीस वर्षांचा बाप्या आणि काय बोलतोय! सुशीला स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात घेऊन उभी होती, ती मागं सरकली.

नाना उठले. चाचपडत माझ्या डोक्यावर हात आला, तो मारायला की काय ते मला कळलं नाही, बहुधा त्यांनाही कळलं नसावं. मग म्हणाले, ‘जन्मभर साक्षीदार तपासले आणि माझ्या घरातला खोटा साक्षीदार मला ओळखता आला नाही. तोही एक नाही, दोन! रिक्षा बोलाव. आणि माझी शेरवानी काढ.’

कोर्ट सुटल्यापासून शेरवानी पेटीत होती. सुशीलेनं गुंड्या लावल्या. सायकलरिक्षात मी त्यांना धरून बसलो, कोठीच्या गर्दीतून रिक्षावाल्याला ‘जल्दी चलाओ भय्या’ म्हणत. 

काचीगुड्याच्या फलाटावर ही गर्दी. निम्मं मराठी हैदराबाद तिथं उभं होतं. ट्रंका, वळकट्या, रडणाऱ्या बायका, ‘पत्र लिहा’ म्हणून ओरडणारी माणसं. मी नानांना एका खांबाशी उभं केलं आणि डबे शोधत सुटलो. सेलूकर खिडकीशी बसले होते. मांडीवर कापडात गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर.

‘मी नानांना सांगितलं,’ मी धापा टाकत म्हणालो.

‘कशाला हो?’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘साठाचा बल्ब मध्ये असताना ट्रान्सफॉर्मर जळत नाही, वामनराव. बल्बच लखलखतो, सेटला काही होत नाही. कुणीतरी सरळ लावल्याशिवाय हे व्हायचं नाही.’

‘मग बोलला का नाहीत?’

ते खरोखरच विचारात पडले, माझ्या प्रश्नात काही अवघड असावं तसे. ‘मला जायचं होतं,’ ते म्हणाले. ‘नानांचा राग मला दोन दिवस. तुम्हाला त्यांच्याबरोबर रोज राहायचंय.’

पुन्हा तेच! मी कबूल करायला आलो, मोठेपणा घ्यायला आलो म्हणा, आणि तिथंही हा माणूस माझ्या आधी पोचलेला. रडू आवरत होतो आणि तेवढ्यातही जळत होतो. आजतागायत ती जळजळ माझ्या आत आहे. तीन महिन्यांनी नव्या तारेचा ट्रान्सफॉर्मर आला, बरोबर कुठला बल्ब किती दिवस ते लिहिलेलं चार पानी पत्र. सुलतान बाजारातल्या मिस्त्रीनं तो बसवला आणि नानांनी शेवटपर्यंत ऐकला. पण सेलूकर पुन्हा काही भेटले नाहीत. फलाटावर पाहिलं तेच शेवटचं.

मी नानांना खांबापासून खिडकीशी आणलं. शेरवानीतल्या म्हाताऱ्याला लोकांनी वाट दिली. नानांनी खिडकीचे गज चाचपले, मग गजांतून हात घालून सेलूकरांचे दोन्ही हात धरले. ‘अनंता,’ ते म्हणाले, ‘मी पाय ओढून घेतले.’

‘असू दे नाना.’

‘असू दे काय! खाली उतर.’

‘गाडी सुटतेय नाना.’

खरंच सुटत होती. इंजिनानं हिसका दिला, हात सुटले. नाना डब्याबरोबर दोन पावलं चालले, मी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. सेलूकरांचा हात गजांतून खांद्यापर्यंत बाहेर. आणि जाता जाता, एवढ्या रडारडीत, ओरडले काय? ‘वामनराव, पेटीला ओलं फडकं लावू नका!’ त्यांचा हात हलत राहिला, शेजारच्या खिडक्यांतल्या हातांत मिसळला, मग मला ओळखू येईना.

नाना गाडीच्या आवाजाकडे तोंड करून उभे होते. हात वर केलेला.

‘दिसतोय का रे अजून?’

फलाट मोकळा होत होता. रूळ कोरडे, लांबवर धुराची रेघ आणि शेवटचा डबा केव्हाच वळून गेलेला.

‘दिसतोय, नाना,’ मी म्हणालो. ‘तुमच्याकडेच बघतोय. हात हलवतोय.’

‘हलवतोय?’

‘हो. अजून हलवतोय.’

त्यांचा हात दुखून आपोआप खाली येईपर्यंत मी सांगत राहिलो.